पुरा आकडा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की श्रीनिवासचा मेसेज येतो. कालही आला. "अन्ना, पंद्रह तारीख नजदीक है. अंदाज भेजो." श्रीनिवास माझं आयकराचं काम पाहतो. आदिलाबादहून मावल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एका झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली आहे. घरात तेलुगू बोलतो, माझ्याशी हिंदी, आणि चिडला की दोन्ही एकदम. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि अंगणात येऊन उभा राहिलो.

थंडी चांगली पडली आहे. आमच्या गल्लीत उन्हं वर येईपर्यंत कोणी कानाचं गुंडाळलेलं सोडत नाही. रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या झाल्या आहेत. बाजाराकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस काट्यांना अडकून राहतो आणि मार्चपर्यंत तसाच लोंबतो. बाहेरचा माणूस विचारतो, हे कसलं झाड? आम्ही मात्र त्यावरून हंगाम ओळखतो. यंदा बाभळी भरल्या आहेत, म्हणजे मला काम भरपूर आहे. हे कळूनही मला बरं वाटत नाही. डिसेंबर आला की मला आता बरं वाटतच नाही.

मी जिनिंगचा सल्लागार आहे. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. मी मशीन विकत नाही, दुरुस्तही करत नाही. कापसात ओलावा किती आहे, मशीनचा रोलर कुठं जास्त दाबतो, धागा कशानं तुटतो, या रुईला कोणता दर मागावा, हे पाहायचं आणि मालकाला सांगायचं. माझ्या वडिलांना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. "सांगाचे पैसे कोन देते?" ते विचारत. कुणी दिले की त्यांना त्या माणसाचीच कीव येई.

माझ्या निम्म्या जिनिंगा पेनगंगेच्या अलीकडं तेलंगणात आहेत, जैनथच्या बाजूला. निम्म्या पलीकडं महाराष्ट्रात, पांढरकवडा आणि वणीकडं. भाव ज्या काठाला चढतो त्या काठाला कापूस जातो, आणि कापसामागं मी. त्यामुळं पुढच्या महिन्यात कुठं असेन हे मला या महिन्यात सांगता येत नाही. पलीकडचे मालक विचारतात, "तुमचा टॅक्स तिकडं भरता का इकडं?" बिलावर नदी दिसते खरी. अलीकडच्या बिलाला कराच्या दोन ओळी लागतात, पलीकडच्याला एकच. आयकराला मात्र नदी दिसत नाही. त्याला एवढंच हवं असतं की वर्षाचे सगळे मिळून किती होणार ते तू आधी सांग. पगारदाराचं बरं असतं, त्याचं ऑफिस कापून घेतं. आमच्यासारख्यांनी जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये, डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये असा चारदा कर भरायचा, आणि तोही बराचसा न कमावलेल्या पैशावर. अंदाज कमी निघाला तर व्याज. जास्त निघाला तर जादा गेलेले पैसे पुढं केव्हातरी परत येतात.

आता अंदाजाचं सांगतो. आमच्या गावाकडं उभ्या पिकाचा पुरा आकडा कोणी तोंडातून काढत नाही. "किती होईन यंदा?" असं वडिलांना कोणी विचारलं की ते दुसरीकडं बघत म्हणायचे, "होईन काही. देवाच्या मनात असन ते." फारच खनपटीला बसला तर निम्मं सांगायचे. पटवाऱ्याला कमी सांगणं समजू शकतं, त्याच्या नजरेवर महसूल ठरे. पण वडील सोयऱ्यांनाही कमी सांगत, आईलाही कमी सांगत. पांढरंशुभ्र फुटलेलं शेत समोर असायचं, हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असायचा, आणि तोंडात मात्र निम्मा. घरात येऊन पडल्याशिवाय पुरं म्हणू नये. म्हटलं की ऐकणारा कोणीतरी ऐकतो.

मी शिकलो, शहरात राहिलो, संगणकावर बिलं करतो. तरी श्रीनिवाससमोर बसलो की माझ्या तोंडून निम्माच आकडा निघायचा. दरवर्षी. मार्चला खरी कमाई जुळवली की तो कपाळाला हात लावायचा. "अन्ना, गवर्नमेंट को नजर नहीं लगती." मग व्याज लागायचं. माझी बायको नंदा त्या व्याजाला मीठ-मोहऱ्यांचा खर्च म्हणायची. "दृष्ट काढाले पैसे लागतेच," म्हणायची आणि चलन भरून टाकायची.

नंदा इकडच्याच, तेलंगणातल्या वांकिडीची. तिची शाळा तेलुगू माध्यमातली, म्हणून सरकारी ऑफिसातून आलेला तेलुगू कागद ती वाचायची आणि मला मराठीत समजावून सांगायची. माझी बिलं तीच करायची. मी संध्याकाळी घरी आलो की कुठं होतो ते विचारायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला जिनिंगचं नाव लिहायची. माझं बरंचसं आयुष्य त्या चौकोनांमध्ये तिच्या अक्षरात आहे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. आम्ही दोघंच. त्यामुळं घरात बोलणं कमी आणि एकमेकांचं ऐकणं जास्त होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तिच्या आतड्याचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला जायचं ठरलं. एक दिवस जायचा, एक दिवस तिथं, एक परतीचा, आणि घरी आल्यावर एक दिवस तिला मान उचलवत नसे. असे चार दिवस धरायचे, मार्चअखेरपर्यंत.

त्या वर्षीचा हंगाम मला जिनिंगमधून आठवत नाही, गाडीच्या काचेतून आठवतो. पहाटे धुक्यात पेनगंगेचा पूल लागायचा. खाली पाणी दिसायचं नाही. पुढं उजाडलं की दोन्ही बाजूंना तुरी, मध्येच ज्वारी, आणि कापसाच्या ट्रॅक्टरच्या रांगा. त्या रांगा ज्या जिनिंगांसमोर लागलेल्या असत त्यातल्या तीन-चार माझ्याच होत्या. मालकांचे फोन येत. मी नंदाकडं बघून फोन खिशात टाकायचो.

एकदा पांढरकवड्याजवळ तिनंच ड्रायव्हरला थांबायला लावलं. "जाऊन या," मला म्हणाली. "मी बसते गाडीत. तासाभरानं काई होत नाई." मी नको नको म्हणत उतरलो. मालकानं दाखवलेल्या ढिगात हात घातला, आतून गार लागला, ओला माल होता. ते सांगितलं, मशीन पाहिलं आणि पळत परत आलो. येताना तिच्यासाठी मूठभर रुई आणली, का कोण जाणे. तिनं शाल बाजूला केली, दोन अंगठ्यांमध्ये रुई धरून ओढली, पुन्हा जुळवून ओढली, आणि उरलेला धागा काळ्या शालीवर ठेवून पाहिला. इतकी वर्षं मला पाहून पाहून ती शिकली होती.

"लांबी हाय, पण जोर नाई," ती म्हणाली. "तुटून राह्यला."

"ओलाच मशीनमध्ये घातला म्हणून," मी म्हणालो.

"मंग सांगतलं का त्याले?"

"सांगितलं."

"बिल लावा अर्ध्या दिवसाचं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. हिंगणघाटपर्यंत ती झोपली. रुई तिच्या मुठीतच होती. दवाखान्यात नर्सनं सुई लावायला हात मागितला तेव्हा ती माझ्याकडं दिली.

त्या डिसेंबरातही श्रीनिवासचा मेसेज आला. रविवार होता. नंदा दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सोलून खायची इच्छा नव्हती तिला, हाताला चाळा म्हणून. मी बाजूला वही घेऊन बसलो. आतापर्यंतची बिलं मांडली. पुढं मार्चपर्यंत दोन्ही काठांवर मिळून किती दिवस काम मिळेल ते मांडलं. मग त्यातून नागपूरचे दिवस वजा केले. पाच फेऱ्या, चार-चार दिवस. वीस दिवस, आणि तेही ऐन हंगामातले. आकडा एकदम खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा मी कमी लिहीत होतो ते दृष्टीला भिऊन नव्हे, ते खरंच कमी होतं.

"किती लिवून राह्यले?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"इतकं कमी काऊन?"

"नागपूरचे दिवस काढले."

तिनं वही मागितली. बराच वेळ पाहिली. मग आत जाऊन कॅलेंडर काढून आणलं. पुढच्या वर्षाचंही आणून ठेवलेलं होतं, तेही घेतलं, आणि दोन्ही मांडीवर ठेवून बोटानं एकेक फेरी मोजत गेली. हे काम तिचं नेहमीचंच होतं, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"वीसच होते," ती म्हणाली. "ते वजा करू नका. पुरा लिवा."

"आणि पैसे? आत्ता कर जास्त जाईल. दवाखान्याले लागन ना."

"लागन तवा पाहू. जास्तीचे परत येतेच."

"पण ते खोटं होईल, नंदा."

"माह्यापायी कमी झालं, असं कागदावर नको," ती म्हणाली. शेंगांचं सूप तिनं बाजूला सरकवलं. "तुमच्या बाबानं जलमभर अर्धं सांगतलं. तुमी अर्धं सांगता. इतकं भेऊन राह्यलो, तरी दुखणं आलंच ना घरात? या खेपेले पुरा सांगा. पाहू द्या त्याले काय पाह्याचं ते."

मी वाद घातला नाही. तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धार आली होती, तीच मला मोठी वाटली. मनात म्हटलं, लिहू पुरा. मी तर प्रत्येक फेरीला तिच्यासोबत जाणारच आहे. कमाई कमी होईल, जादा भरलेलं परत येईल, आणि ती बरी झाली की दोघं मिळून हसू की बघ, कसा चुकला तुझा पुरा आकडा. वीस दिवस वजा केलेली ओळ मी खोडली आणि वर नीट अक्षरात पुरा आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासनं तो दोनदा वाचला. त्याला नंदाचं दुखणं माहीत होतं. मी कमी सांगणार हेच तो धरून बसला होता. "इत्ता?" म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "वदिना ठीक हो गए क्या?" वदिना म्हणजे त्यांच्यात वहिनी. मी हो म्हणालो. ते खोटं होतं, पण तोंडातून निघाल्यावर मलाच खरं वाटू लागलं. त्यानं चहा मागवला. मी चलन भरलं आणि घरी येताना तिच्यासाठी पेरू घेतले. पूर्ण पैसे भरून हलकं वाटण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा दिवस.

संक्रांत झाली आणि तिला ताप आला. औषधानं अंगातली ताकद उतरली होती. नागपूरला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. त्या चार दिवसांचं मला इथं लिहायचं नाही. येताना पुलावर धुकं नव्हतं. खालचं पाणी स्वच्छ दिसत होतं आणि काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. लोकांना वाटलं, मन रमवायला जातो आहे. मन रमत नव्हतं, घर सहन होत नव्हतं, एवढंच. अलीकडच्या जिनिंगा झाल्या की पलीकडच्या, पलीकडच्या झाल्या की पुन्हा अलीकडच्या. मालकांनी सांत्वनाचं म्हणून जास्तीचं काम दिलं. फेब्रुवारीत मी एकही दिवस घरी बसलो नाही; संक्रांतीआधीच्या फेरीचे आणि सुतकाचे बुडालेले दिवसही त्यात भरून निघाले. ढिगात हात घालायचा, ओलावा सांगायचा, मशीनजवळ उभं राहायचं, बिल करायचं. बिलं आता मीच करत होतो आणि त्यात चुका होत होत्या. एका पलीकडच्या मालकाला मी अलीकडच्या दोन ओळी लावून बिल दिलं. त्यानं ते परत पाठवलं.

मार्चमध्ये श्रीनिवासकडं सगळे कागद नेऊन ठेवले. त्यानं जुळवणी केली, पुन्हा केली, आणि खुर्चीतून माझ्याकडं वळला. "अन्ना, इतने साल में पहली बार बराबर आया. थोडा इधर-उधर, बाकी बराबर. एक रुपया ब्याज नहीं."

त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो आकड्यावर खूश झाला होता. मीही क्षणभर झालो, आणि मग मला कळलं.

आकडा खरा व्हायला वीस दिवस मोकळे व्हायला हवे होते. पुढं नागपूरची फेरी पडायला नको होती. तसं दोन प्रकारांनी होऊ शकलं असतं. एक, ती महिनाभरात ठणठणीत होणं, जे डॉक्टरांनी कधी म्हटलंच नव्हतं. दुसरा जो झाला तो. डिसेंबरात वहीवर तो आकडा लिहिताना मी काय लिहितो आहे हे मला कळलं नाही. जो अंदाज कमी होता, तुटका होता, त्यात ती होती. पुऱ्या आकड्यात ती नव्हती.

घरी येऊन मी स्वतःला फार बोललो. वडिलांची आठवण आली, त्यांचं ते दुसरीकडं बघत "होईन काही" म्हणणं. मी शहाणा माणूस आहे. दुखणं आयकराचे कागद वाचत नाही हे मला कळतं. आजार ऑक्टोबरातच पसरलेला होता, डॉक्टरांनी मला तो फिल्मवर दाखवला होता. तरी पुरा आकडा आम्हीच बोलून दाखवला, हे काही मनातून जात नाही. जाईल असंही वाटत नाही.

आणि त्याहून एक गोष्ट जास्त छळते. फेऱ्या मोजल्या तिनं. दोन्ही कॅलेंडरं मांडीवर घेऊन, बोट ठेवून. तिचं गणित माझ्यापेक्षा कायम पक्कं होतं. मला मार्चमध्ये जे कळलं ते तिला त्या दुपारी ओट्यावर कळलं नसेल का? ताप यायला अजून महिना होता. पण स्वतःच्या अंगाचा अंदाज माणसाला डॉक्टरच्या आधी येतो. ते वीस दिवस मला लागणार नाहीत, असं तर ती सांगत नव्हती? विचारायला ती नाही. मी रुईचा धागा हातात धरून सांगू शकतो की तो कुठं तुटणार. शेजारी बसलेल्या माणसाचं मला सांगता आलं नाही.

मागच्या डिसेंबरात, ती गेल्यानंतरच्या पहिल्याच, मी पुन्हा पुरा आकडा लिहिला. भीती कसली उरली होती? श्रीनिवास म्हणाला, अन्ना सुधर गए. व्याज लागलं नाही. वर्षभर मला त्या बिनव्याजी कागदाचा राग येत राहिला.

काल रात्रीचं जेवण लवकर आटोपून वही उघडली. बिलं मांडली, पुढचे दिवस मांडले. आज सकाळी तो कागद घेऊन श्रीनिवासकडं गेलो. रस्त्यात कापसाचे ट्रॅक्टर होते, मागं मागं जावं लागलं. त्यानं कागद वाचला आणि चष्मा वर केला.

"अन्ना, इस बार फिर कम? ये बीस दिन कायके काटे?"

"नागपूरचे हायत," मी म्हणालो.

त्यानं वजा केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. "वो बीस दिन आप काम पे नहीं जाने वाले क्या?"

"जाईन. घरी बसून काय करू?"

"तो कमाई होगी. ब्याज लगेगा, अन्ना."

"लागू दे," मी म्हणालो. "तेवढे दिवस तिचे हायत."

त्यानं आकडा होता तसा भरला आणि पावती माझ्या हातात दिली.